विश्लेषण : तरुण गणितज्ञांच्या जागतिक पुरस्काराचे पैसे भारत का देतो?

इटलीतील ट्रिएस्टे या बंदराच्या शहरातून तरुण गणितज्ञांसाठीचा एक पुरस्कार जाहीर होतो. विजेता कधी ब्राझीलचा असतो, कधी व्हिएतनामचा, तर कधी सेनेगलचा. पुरस्काराला नाव मात्र श्रीनिवास रामानुजन यांचे आहे आणि गेले दशकभर त्यामागचा पैसा भारत सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचा आहे. दुसरीकडे, देशातील तरुण शास्त्रज्ञांना मिळणाऱ्या सर्वात मोठ्या सरकारी पुरस्कारातून रोख रक्कम गेली आहे. शाळा-महाविद्यालयीन पातळीवरच्या दोन नावाजलेल्या शिष्यवृत्ती परीक्षाही थांबल्या आहेत. मग परदेशातून दिल्या जाणाऱ्या पुरस्कारावर करदात्यांचा पैसा खर्च करणे कितपत योग्य? त्यातून नेमके काय साधते? याचा हा आढावा.

रामानुजन पुरस्कार नेमका काय आहे?

विकसनशील देशात राहून गणितात उत्कृष्ट संशोधन करणाऱ्या तरुण संशोधकाला हा पुरस्कार दिला जातो. पुरस्काराच्या वर्षी ३१ डिसेंबरला उमेदवाराचे वय ४५ पेक्षा कमी असावे लागते. गणिताची कोणतीही शाखा चालते. विजेत्याला १५ हजार डॉलर मिळतात आणि ट्रिएस्टे येथे व्याख्यान देण्यासाठी बोलावले जाते. पहिला पुरस्कार २००५ मध्ये ब्राझीलच्या मार्सेलो व्हियाना यांना मिळाला.

यातली सर्वात महत्त्वाची अट वयाची नसून जागेची आहे. संशोधन विकसनशील देशात झालेले असले पाहिजे. म्हणजे भारतात जन्मलेला, पण सगळी कारकीर्द अमेरिकेतील विद्यापीठात घडवलेला गणितज्ञ यात बसत नाही. गणितातील सर्वात प्रतिष्ठेच्या ‘फील्ड्स पदका’ला ४० वर्षांची वयोमर्यादा आहे, पण विजेता कुठे काम करतो याचे बंधन नाही. ग्रंथालय, निधी, सहकारी आणि प्रवास या चारही गोष्टींची चणचण असलेल्या ठिकाणी कोणी जागतिक दर्जाचे काम केले, तर त्याची वेगळी दखल घ्यावी, हा रामानुजन पुरस्कारामागचा विचार आहे.

पैसे कोण देते आणि निवड कोण करते?

पुरस्कार देणारी संस्था आहे ‘इंटरनॅशनल सेंटर फॉर थिअरेटिकल फिजिक्स’, म्हणजे आयसीटीपी. १९६४ मध्ये ती उभी केली पाकिस्तानी भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम यांनी. पुढे १९७९ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. गरीब देशांतील शास्त्रज्ञांना देश कायमचा न सोडता जगाशी संपर्क ठेवता यावा, हा सलाम यांचा हेतू होता. संस्थेचा बहुतांश खर्च इटली सरकार उचलते. युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था हे तिचे अन्य दोन आधार आहेत.

सुरुवातीच्या वर्षांत पुरस्काराचा पैसा नॉर्वेच्या ‘आबेल फंडा’तून येत असे. नील्स हेन्रिक आबेल हा नॉर्वेचा गणितज्ञ १८२९ मध्ये वयाच्या अवघ्या २६ व्या वर्षी क्षयाने आणि गरिबीत गेला. बर्लिनमध्ये त्याच्या नोकरीची सोय झाल्याचे पत्र लिहिले गेले, तेव्हा त्याला जाऊन दोन दिवस झाले होते. नॉर्वे सरकारने २००१ मध्ये त्याच्या नावाने २० कोटी क्रोनरचा निधी जाहीर केला. त्यातून आबेल पारितोषिक सुरू झाले आणि काही वाटा विकसनशील देशांतील तरुण गणितज्ञांकडे वळवण्यात आला.

पुढे २०१४ च्या सुमारास ही जबाबदारी भारताच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने, म्हणजे डीएसटीने घेतली. तेव्हापासून पुरस्काराच्या नावात डीएसटी, आयसीटीपी आणि आंतरराष्ट्रीय गणित संघटना, म्हणजे आयएमयू, अशी तिघांची नावे लागतात. कामाची विभागणी साधी आहे. भारत पैसे देतो, ट्रिएस्टेची संस्था व्यवस्था पाहते आणि निवड समिती नेमताना आयएमयूचे सहकार्य घेतले जाते. समितीत नामवंत गणितज्ञ असतात. त्यामुळे पैसे भारताचे असले, तरी विजेता दिल्लीत ठरत नाही.

‘रामानुजन पुरस्कार’ दोन आहेत का?

होय, आणि बातम्यांमध्ये त्यांची हमखास सरमिसळ होते. दुसरा आहे ‘शास्त्र रामानुजन पुरस्कार’. तो तमिळनाडूतील शास्त्र हे खासगी विद्यापीठ रामानुजन यांच्या कुंभकोणम या गावी देते. त्याची रक्कम १० हजार डॉलर आणि वयोमर्यादा ३२ वर्षे आहे. रामानुजन ३२ व्या वर्षी गेले म्हणून ही मर्यादा. तिथे देशाची अट नाही. मंजुल भार्गव, कण्णन सौंदरराजन, टेरेन्स ताओ असे जगभर काम करणारे गणितज्ञ त्याचे मानकरी आहेत. या लेखाचा विषय सरकारी पैशातून दिला जाणारा ट्रिएस्टेचा पुरस्कार आहे.

आतापर्यंत कोणाला मिळाला?

२००५ ते २०२२ या काळातील १८ विजेत्यांची यादी पाहिली तर ब्राझील आणि भारताला प्रत्येकी ४, चीनला ३ आणि अर्जेंटिनाच्या गणितज्ञांना ३ पुरस्कार मिळाले आहेत. मेक्सिको, गॅबन, व्हिएतनाम आणि सेनेगल यांच्या वाट्याला प्रत्येकी एक आला. १८ पैकी महिला तीन : भारताच्या सुजाता रामदोराई (२००६), ब्राझीलच्या कॅरोलिना अराउजो (२०२०) आणि भारताच्या नीना गुप्ता (२०२१).

या यादीतून एक गोष्ट स्पष्ट दिसते. पुरस्कार वारंवार त्याच देशांकडे जातो, जिथे सरकारने काही दशके गणिताच्या संस्था सांभाळल्या आहेत. ब्राझीलच्या यशामागे रिओ द जानेरो येथील ‘इम्पा’ ही सरकारी पैशावर चालणारी संस्था आहे. भारताच्या यशामागे मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर, आणि कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था आहे. २०११ मध्ये गॅबनच्या फिलिबेर नांग यांना किंवा २०२२ मध्ये सेनेगलच्या मुहम्मद मुस्तफा फॉल यांना मिळालेला पुरस्कार म्हणूनच वेगळा ठरतो. आफ्रिकेतून १८ वर्षांत हे दोनच विजेते आहेत.

भारत पैसे देतो म्हणून भारतीयांना झुकते माप मिळते का?

भारतीय विजेते चार : सुजाता रामदोराई, अमलेंदु कृष्ण (२०१५), ऋतब्रत मुन्शी (२०१८) आणि नीना गुप्ता. यातील तिघांना भारताने पैसे द्यायला सुरुवात केल्यानंतर पुरस्कार मिळाला. शंका येण्यासारखीच ही बाब आहे. पण त्याच काळात, म्हणजे २०१४ ते २०२२ या नऊ वर्षांत, सहा पुरस्कार इतर देशांना गेले. आधीच्या नऊ वर्षांत ब्राझीलला दोन आणि चीनला दोन मिळाले होते. तेव्हा त्या दोन्ही देशांचा पुरस्काराच्या निधीशी संबंध नव्हता.

शिवाय चारही भारतीयांचे काम पुरस्काराआधीच गाजलेले होते. त्यामुळे पैसे देणाऱ्याने निवडीत हात घातला, असे म्हणायला आधार नाही. मात्र सरकार आंतरराष्ट्रीय पुरस्काराचे प्रायोजक असते, तेव्हा निवड समिती सरकारपासून दूर असणे ही पुरस्काराच्या पतीसाठी आवश्यक गोष्ट आहे. ही दूरी गेली, तर कितीही रक्कम वाढवली तरी पुरस्काराला किंमत राहणार नाही.

नीना गुप्ता यांचे उदाहरण काय सांगते?

सरकारी पैसा तरुण गुणवत्तेपर्यंत कसा पोहोचतो, हे समजून घ्यायला नीना गुप्ता यांचे उदाहरण उपयोगी आहे. आधी त्यांचे काम थोडक्यात पाहू.

शाळेच्या बीजगणितात आपण समीकरणाच्या दोन्ही बाजूंचे समान पद काढून टाकतो. ‘क गुणिले ग’ आणि ‘ख गुणिले ग’ समान असतील आणि ग शून्य नसेल, तर क आणि ख समान असतात. अमेरिकी गणितज्ञ ऑस्कर झारिस्की यांच्या नावाने ओळखला जाणारा, १९४९ पासूनचा प्रश्न असा की, हीच काटछाट भूमितीतील आकृत्यांना लागू पडते का? वर्तुळाला उंची दिली की नळकांडे होते. तसेच दोन वेगवेगळ्या आकृत्यांना एका सरळ रेषेची जोड दिली आणि तयार झालेल्या नव्या आकृत्या एकसारख्याच निघाल्या, तर मूळ आकृत्याही एकसारख्या होत्या असे म्हणता येईल का?

एका मितीसाठी उत्तर ‘होय’ आहे. हे १९७२ मध्ये सिद्ध करणाऱ्या तीन गणितज्ञांपैकी एक होते श्रीराम अभ्यंकर. ते झारिस्की यांचेच विद्यार्थी. पुण्यातील भास्कराचार्य प्रतिष्ठान १९७६ मध्ये त्यांनीच स्थापन केले. दोन मितींसाठीही उत्तर ‘होय’ आले. तीन मितींचा प्रश्न मात्र अडून राहिला. नीना गुप्ता यांनी दाखवून दिले की काही संख्यापद्धतींत तीन आणि त्यापुढच्या मितींसाठी उत्तर ‘नाही’ आहे. या संख्यापद्धती घड्याळासारख्या असतात, मोजत गेले की ठरावीक आकड्यानंतर पुन्हा शून्यावर येतात. आपल्या नेहमीच्या संख्यांसाठी तीन मितींचा प्रश्न आजही खुला आहे. त्यांचा हा शोधनिबंध २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला.

आता पैशाचा माग घेऊ. त्यांची पीएचडी झाली कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत, म्हणजे केंद्र सरकारच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेत. २०१२ मध्ये काही महिने त्या टीआयएफआरमध्ये अभ्यागत संशोधक होत्या. तीही सरकारी पैशावर चालणारी संस्था. त्यानंतर डीएसटीच्याच ‘इन्स्पायर फॅकल्टी’ योजनेतून त्या कोलकात्याला परतल्या. या योजनेत पीएचडी झालेल्या तरुण संशोधकाला पाच वर्षांपर्यंत दरमहा मानधन आणि वेगळे संशोधन अनुदान मिळते. सध्याचे दर महिना सव्वा लाख रुपये आणि वर्षाला ७ लाख रुपये अनुदान असे आहेत. २०१९ मध्ये भटनागर पुरस्कार आणि २०२१ मध्ये रामानुजन पुरस्कार मिळाला.

म्हणजे ज्या विभागाने शेवटी पुरस्काराचे पैसे दिले, त्याच विभागाने कोणाचेही लक्ष नसताना त्यांना उभे राहायला मदत केली होती. पुरस्काराची बातमी झाली, आधीच्या मानधनाची झाली नाही.

या पुरस्कारावर सरकारचा किती खर्च होतो?

डॉलरचा दर ८५ रुपये धरला, तर १५ हजार डॉलर म्हणजे १२ लाख ७५ हजार रुपये. २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात डीएसटीसाठी सुमारे ७,९३१ कोटी रुपयांची तरतूद होती. या तरतुदीशी तुलना केली, तर पुरस्काराची रक्कम दर १० हजार रुपयांत १६ पैसे एवढी भरते. विजेत्याचा प्रवास आणि समारंभाचा खर्च धरला तरी चित्र फारसे बदलत नाही.

दुसरी तुलना जास्त बोलकी आहे. ‘ज्युनियर रिसर्च फेलोशिप’ची रक्कम २०२३ मध्ये ३१ हजारांवरून महिना ३७ हजार रुपये झाली. घरभाडे भत्ता वगळला, तर पुरस्काराच्या रकमेत एका पीएचडी विद्यार्थ्याची साधारण ३४ महिन्यांची फेलोशिप निघते. एका वर्षाचा पुरस्कार म्हणजे एका विद्यार्थ्याची जवळपास तीन वर्षे. त्यामुळे ‘पुरस्कार बंद करून शिष्यवृत्त्या द्या’ हा युक्तिवाद ऐकायला चांगला वाटला, तरी त्यातून वाचणारा पैसा एखाद-दुसऱ्या विद्यार्थ्यालाच पुरेल. खरा प्रश्न पुरस्काराच्या रकमेत नाही, तो बाकीच्या ९,९९९ रुपये ८४ पैशांत आहे.

देशातील विज्ञान पुरस्कारांचे काय झाले?

सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने विज्ञानाशी संबंधित विभागांच्या पुरस्कारांचा आढावा घेतला. सर्व विभाग मिळून असे सुमारे ३०० पुरस्कार होते. एकट्या डीएसटीकडे विविध प्रकारचे २०० हून अधिक पुरस्कार होते. ‘थोडे पण प्रतिष्ठेचे पुरस्कार ठेवा’ हे धोरण ठरले आणि बहुतेक पुरस्कार बंद करण्याची शिफारस झाली. त्या वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस, प्रथेप्रमाणे जाहीर होणारे शांतिस्वरूप भटनागर पुरस्कारही जाहीर झाले नाहीत.

एका वर्षाने, २०२३ मध्ये, ‘राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार’ ही नवी मालिका आली. विज्ञान रत्न, विज्ञान श्री, विज्ञान युवा आणि विज्ञान टीम असे तिचे चार प्रकार आहेत. ४५ वर्षांपर्यंतच्या शास्त्रज्ञांसाठीच्या ‘विज्ञान युवा’ पुरस्काराला भटनागर यांचे नाव देण्यात आले. ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रपती भवनात ३३ पुरस्कार दिले गेले. त्यातील १८ ‘विज्ञान युवा’ होते. गणित व संगणकशास्त्र विभागात तो मिळवणारे बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेतील महेश काकडे मूळचे अकोल्याचे आहेत.

जुन्या आणि नव्या पुरस्कारांत मोठा फरक आहे. भटनागर पुरस्कारात ५ लाख रुपये रोख आणि वयाच्या ६५ व्या वर्षापर्यंत दरमहा १५ हजार रुपये मिळत. नव्या पुरस्कारात सनद आणि पदक आहे, रोख रक्कम नाही. पद्म पुरस्कारांच्या धर्तीवर ही रचना असल्याचे समर्थन करता येते. सन्मान पैशात मोजू नये, हाही मुद्दा आहेच. पण तरुण शास्त्रज्ञाला देशात पदक द्यायचे आणि ट्रिएस्टेत १५ हजार डॉलर, या दोन धोरणांचा मेळ कसा बसतो, याचे स्पष्टीकरण सरकारने द्यायला हवे.

शाळा-महाविद्यालयीन पातळीवर काय परिस्थिती आहे?

इथे चिंता अधिक आहे. राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा, म्हणजे एनटीएसई, १९६३ पासून सुरू होती. दहावीच्या मुलांमधून दरवर्षी सुमारे २ हजार जणांची निवड होत असे. अकरावी-बारावीला महिना १,२५० रुपये आणि पुढे पदवीला २ हजार रुपये मिळत. रक्कम मोठी नव्हती. पण महाराष्ट्रातील तालुक्याच्या शाळेतही एनटीएसमध्ये नाव आलेल्या मुलाचा फोटो फळ्यावर लागत असे. योजनेची मंजुरी मार्च २०२१ पर्यंतच होती. त्यानंतर नव्या निवडी थांबल्या.

दुसरी योजना किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना, म्हणजे केव्हीपीवाय. १९९९ मध्ये डीएसटीनेच सुरू केलेल्या या योजनेत मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांना पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत महिना ५ हजार आणि पुढे ७ हजार रुपये मिळत. २०२२ मध्ये ती ‘इन्स्पायर’मध्ये विलीन करण्यात आली आणि तिची स्वतंत्र परीक्षा बंद झाली.

‘इन्स्पायर’ची उच्च शिक्षण शिष्यवृत्ती अजून आहे. मूलभूत विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना वर्षाला ८० हजार रुपये, दरवर्षी १२ हजार जागा, अशी तिची व्याप्ती आहे. संख्या पाहिली तर ती केव्हीपीवायपेक्षा कितीतरी मोठी आहे. पण निवड मुख्यतः बारावीच्या बोर्डातील वरच्या एक टक्का गुणांवर किंवा जेईई-नीटसारख्या परीक्षांतील क्रमांकावर होते. केव्हीपीवायची स्वतंत्र परीक्षा वेगळ्या प्रकारची मुले शोधत होती. बोर्डात ९८ टक्के नसलेला, पण गणिताच्या एका प्रश्नाला तीन दिवस चिकटून बसणारा मुलगा त्या चाळणीत सापडण्याची शक्यता होती.

याच्या वरच्या टप्प्यावर, पीएचडीच्या पातळीवर, तक्रार वेगळी आहे. फेलोशिप मंजूर होते, पण खात्यात वेळेवर जमा होत नाही. ‘इन्स्पायर’च्या फेलोंना महिनोन् महिने थांबावे लागल्याच्या तक्रारी गेल्या काही वर्षांत सातत्याने पुढे आल्या आहेत. महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थांच्या फेलोशिपसाठी संशोधक विद्यार्थ्यांनी आंदोलने केली आहेत. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याला सहा महिन्यांची थकबाकी एकदम मिळण्यापेक्षा ३७ हजार रुपये दर महिन्याला मिळणे महत्त्वाचे असते. खोलीमालक आणि मेसवाला थांबत नाहीत.

खुद्द रामानुजन यांना सरकारी पैसा कसा मिळाला?

ज्यांच्या नावाने पुरस्कार आहे, त्यांच्या आयुष्यात निर्णायक ठरला तो पुरस्कार नव्हे, तर शिष्यवृत्ती. रामानुजन गणित सोडून इतर विषयांत नापास होत गेल्याने त्यांना पदवी मिळाली नव्हती. मार्च १९१२ मध्ये ते मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना ३० रुपयांवर कारकून म्हणून लागले. जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी केंब्रिजच्या जी. एच. हार्डी यांना पत्र लिहिले. त्याच सुमारास हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी मद्रास विद्यापीठाला त्यांची शिफारस केली.

विद्यापीठापुढे नियमाची अडचण होती. संशोधन शिष्यवृत्तीसाठी पदवी लागत होती आणि रामानुजन यांच्याकडे ती नव्हती. विद्यापीठाने नियमाला अपवाद केला आणि महिना ७५ रुपयांची शिष्यवृत्ती दोन वर्षांसाठी मंजूर केली. कारकुनीच्या पगाराच्या अडीचपट. पुढे इंग्लंडला जाण्यासाठी वर्षाला २५० पौंडांची व्यवस्थाही विद्यापीठाने केली. मार्च १९१४ मध्ये रामानुजन बोटीने निघाले आणि चार वर्षांत रॉयल सोसायटीचे फेलो झाले. २६ एप्रिल १९२० रोजी वयाच्या ३२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

रक्कम वेळेवर मिळाली आणि नियम माणसापेक्षा मोठा ठरला नाही, म्हणून हे शक्य झाले. २५ वर्षांच्या नापास कारकुनाला ४५ व्या वर्षीच्या पुरस्काराचा काहीच उपयोग नव्हता.

महाराष्ट्राचा यात कुठे संबंध येतो?

रामानुजन पुरस्काराच्या चारही भारतीय विजेत्यांनी कारकिर्दीत कधी ना कधी मुंबईत कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये काम केले आहे. गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आदी विषयांच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडसाठी भारतीय मुलांची तयारी करून घेणारे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रही मुंबईतच, मानखुर्दला आहे. ही दोन्ही ठिकाणे अणुऊर्जा विभागाच्या, म्हणजे सार्वजनिक पैशावर चालतात.

गणितासाठी सार्वजनिक पैसा देण्याची परंपरा तर इथे आठशे वर्षे जुनी आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथे एक शिलालेख आहे, इ.स. १२०७ च्या सुमाराचा. ‘लीलावती’कार भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्याला देणगी दिली, असे त्यात नोंदवले आहे. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. एकोणिसाव्या शतकात भाऊ दाजी लाड यांनी तो प्रकाशात आणला. तिथे दिलेला पैसा कोणाला गौरवण्यासाठी नव्हता. शिकवणे चालू राहावे यासाठी होता.

विरोधकांचे आणि समर्थकांचे म्हणणे काय?

विरोधकांचा मुख्य आक्षेप असा की, पुरस्कार आधीच यशस्वी झालेल्यालाच मिळतो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये याला ‘मॅथ्यू इफेक्ट’ असे नाव दिले. ज्याचे नाव झाले, त्यालाच पुढचे अनुदान, पुढचे निमंत्रण आणि पुढचा पुरस्कार मिळत जातो. दुसरा आक्षेप असा की, पुरस्काराने माणूस देशात टिकत नाही. सुजाता रामदोराई पुढे कॅनडात गेल्या. ब्राझीलचे फर्नांडो कोडा मार्केस आणि चीनचे शू चेनयांग अमेरिकेत गेले. विकसनशील देशात काम करण्याची अट पुरस्कार मिळेपर्यंतच असते.

समर्थकांचे म्हणणे असे की, पुरस्काराने संस्थेलाही ओळख मिळते. हनोई, डकार किंवा कोलकात्यात बसून जगाला दखल घ्यावी लागेल असे गणित करता येते, हे एका नावामुळे पटते. नीना गुप्ता यांच्यानंतर ‘मुलींना गणितात पुढे काय?’ या प्रश्नाला भारतीय पालकांना देता येईल असे एक उत्तर मिळाले. शिवाय आपण अनेक वर्षे दुसऱ्या देशांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थांचा लाभ घेतला. इटलीच्या करदात्याने ट्रिएस्टेमध्ये भारतीयांना सहा दशके बोलावले. आता सेनेगलच्या तरुणासाठी भारताने काही लाख रुपये द्यावेत, यात वावगे काय?

मग सार्वजनिक पैसा कुठे जावा?

पुरस्कार की शिष्यवृत्ती, अशी निवड करण्याची खरे तर गरज नाही. दोन्हींच्या खर्चात इतकी तफावत आहे की एक बंद करून दुसरे चालवता येणार नाही. भारताचा संशोधनावरचा एकूण खर्च २०२०-२१ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता. अडचण तिथे आहे. रामानुजन पुरस्काराचे १५ हजार डॉलर चालू ठेवायला हरकत नाही, पण तेवढ्यावर ‘तरुण गुणवत्तेला प्रोत्साहन’ दिल्याचा दावा करता येणार नाही.

पुरस्काराचा विजेता तयार व्हायला साधारण वीस-पंचवीस वर्षे लागतात. २०४५ च्या आसपास या पुरस्काराच्या यादीत भारतीय नाव दिसायचे असेल, तर ती मुलगी किंवा तो मुलगा आज दहावी-बारावीत असेल. त्याच्यासाठी एनटीएसई थांबलेली आहे आणि केव्हीपीवाय बंद आहे. थकलेली फेलोशिप त्याला आणखी काही वर्षांनी भेटेल. एनटीएसईबाबत निर्णय जाहीर करणे, गुणांपलीकडची पारख करणारी एखादी परीक्षा पुन्हा सुरू करणे आणि फेलोशिप दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला जमा करणे, या तीन गोष्टींना समारंभ लागत नाही. ट्रिएस्टेला जाणाऱ्या पैशाचे चीज व्हायचे असेल, तर आधी ही तीन कामे झाली पाहिजेत.